पोर्चमधला फळा आणि बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'विद्यार्थ्यांचे कलागुण आणि महाविद्यालयीन जीवन' या विषयावर चार शब्द लिहावेत, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. विषय ऐसपैस आहे. त्यात गॅदरिंग आलं, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आलं, पुरुषोत्तम आणि फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धा आल्या, कॅन्टीनबाहेरचा कट्टाही आला. त्यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी पोर्चमधला भित्तिपत्रकाचा, म्हणजे मुलांनी हाताने लिहून लावायच्या अंकाचा, फळा घेतो. फळा म्हटला की बाई आल्या, आणि बाई आल्या की बाकीचं आपोआप बाजूला सरकतं. (बाई म्हणजे कोण, हे नव्वदीच्या बॅचना सांगायला नको. नंतरच्यांनी मराठी विभागात विचारावं.)

फळा आठ फूट बाय चार फूट, सॉफ्टबोर्डचा, पुढे सरकत्या काचा. त्यावर बावीस बाय तीस इंचांचे चार ड्रॉइंग पेपर उभे बसत. बाईंचा पहिला नियम लेखनाचा नव्हताच, टांगण्याचा होता: कागदाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर. म्हणजे वरची कड सव्वासहा फुटांवर आणि खालची पावणेचार फुटांवर येते. खालच्या चार-पाच इंचांतला मजकूर वाचायला माणसाला वाकावं लागतं, आणि पोर्चमध्ये तासाला पळणारं कुणी वाकत नाही. म्हणून तिथे कविता कधीच लावायची नाही. तिथे संपादक मंडळाची नावं. ज्यांना आपलं नाव वाचायचंय ते वाकतील, असं बाई अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत.

कागदाचं गणितही त्यांचंच. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच समास, सहा इंचांचे तीन रकाने, मध्ये अर्ध्या इंचाची फट. वर पाच इंच शीर्षकाला, खाली दोन इंच मोकळे. उरलेल्या तेवीस इंचांत अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी आखल्या की रकान्यात शेहेचाळीस ओळी होतात. अक्षराची उंची पाच-सहा मिलिमीटर धरली तर ओळीत जेमतेम पाच शब्द. हिशेबाने कागदावर साडेसहाशेच्या पुढे शब्द मावतात, पण बाई पाचशेवर थांबवत. उरलेली जागा चित्राला आणि श्वास घ्यायला.

नवी मुलं इथे हमखास चुकत. रेघ टूएच पेन्सिलीने, अगदी हलकी आखायची, आणि अक्षर त्या रेघेवर ठेवायचं नाही, रेघेला टांगायचं. शिरोरेघ म्हणजेच ती आखलेली रेघ. इंग्रजी वहीची सवय असलेला मुलगा रेघेवर अक्षरं बसवतो, मग वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. अर्धा इंच अंतर चैनीसाठी नव्हतं, 'कैऱ्या' आणि 'कुर्डूवाडी' वर-खाली आले तरी भांडू नयेत म्हणून होतं.

मजकुराला सव्वा मिलिमीटरचा कटनिब, म्हणजे चपट्या टोकाचा निब, शीर्षकाला आठ-दहा मिलिमीटरचा बोरू. बोरूचा काप देवनागरीसाठी इंग्रजीच्या उलट्या बाजूला उतरता लागतो. इंग्रजीचा तयार कटनिब उचलून मराठी लिहिलं की जाड रेघ जिथे हवी तिथे बारीक पडते, आणि अक्षर सुंदर असूनही परकं दिसतं. बोरू पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळे, काप मात्र बाई स्वतः देत. टोक तिरकं कापायचं, मधोमध छोटी चीर द्यायची, नाहीतर शाई उतरत नाही, आणि पहिल्यांदा वापरण्याआधी टोक थोडा वेळ पाण्यात ठेवायचं. शाई वॉटरप्रूफ. फाउंटन पेनची शाई जुलैच्या दमटपणात काचेमागेसुद्धा पसरते. वॉटरप्रूफ शाईचा त्रास वेगळा, ती निबमध्ये वाळली की निब कामातून गेला. लिहून झाल्या झाल्या धुवायचा, चहा नंतर.

दिवाळी अंक हातकागदावर निघे. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणायचा. १९४० पासूनची ती संस्था आपल्याकडच्या किती मुलांना माहीत असते, कोण जाणे. तिथले काही कागद शाई पितात, अक्षराला मिशा फुटतात. तुरटी आणि सरस घातलेल्या कोमट पाण्याचा बोळा कागदावर एकदा हलक्या हाताने फिरवून कागद सावलीत वाळवला की तो शाई धरतो. उन्हात वाळवला तर वाकडा होतो.

चुकीचं अक्षर ब्लेडने खरवडायचं, पण जाड कागदावर आणि एकदाच. खरवडलेल्या जागी धागे उभे राहतात, त्यावर तसंच लिहिलं तर शाई फुटते. चमच्याच्या पाठीने ती जागा आधी घोटून घ्यायची. ओळच चुकली तर ठिगळ. त्यासाठी खळ घरची: वाटीभर मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग उकळत्या पाण्यात ओतून, एकूण पाच वाट्या पाणी होईल अशा बेताने, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. वर चिमूटभर मोरचूद, म्हणजे बुरशी आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी, त्यामुळे त्या पातेल्याला दोरा बांधलेला असे आणि ते कॅन्टीनमध्ये न्यायला सक्त बंदी.

शुद्धलेखनात बाई १९६२ च्या नियमांच्या, मराठी साहित्य महामंडळाचे ते पहिले चौदा आणि १९७२ चे पुढचे चार. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून 'कवी', 'गुरू'. 'आणि' आणि 'नि' मात्र ऱ्हस्व. पण तपासण्याची पद्धत नियमांपेक्षा मोलाची होती. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. मग शेवटच्या ओळीपासून उलटं वर यायचं. सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चूक ओलांडून जातो, उलटं वाचताना शब्द सुटा दिसतो. आपल्या त्या वेळच्या मंडळींपैकी एकजण पुढे वृत्तपत्रात मुख्य उपसंपादक झाला, एकीने स्वतःचा छापखाना काढला, एकाच्या हातच्या पाट्या आजही उपनगरातल्या दुकानांवर आहेत. तिघंही उलटं वाचतात.

आता फळ्याची खरी गंमत. काचेच्या उजव्या बाजूला, चौकटीबाहेर, एक कोरा कागद पिनांनी लावलेला असे आणि सुतळीला पेन्सिल. वाचकांनी काय वाटेल ते लिहावं. पेन नाही, पेन्सिलच, कारण शिवी लिहिणाऱ्याला नंतर लाज वाटली तर खोडता यावी. पंधरा दिवसांनी अंक उतरला की बाई तो कागद घरी नेत आणि त्यातली निवडक मतं पुढच्या अंकात, लिहिणाऱ्याच्या शब्दांत, तशीच येत. हॉस्टेलची मुलं लिहीत, एनसीसीची लिहीत, रात्रीचे वॉचमनमामा लिहीत. मामांची चित्रपट परीक्षणं मराठी विभागातल्या काही लेखांपेक्षा सरस होती, हे आता लिहायला हरकत नाही.

एकदा श्रावणात ओव्यांचा अंक निघाला. मुलांनी आपापल्या गावाकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणल्या होत्या. कागद देखणा झाला होता, खाली 'संकलन' म्हणून मुलांची नावं होती. तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने ओळ उमटली: दुसऱ्या रकान्यातली तिसरी ओवी माझ्या आजीची आहे, तिचं नाव कुठाय? लिहिणारी एफवायची, हॉस्टेलवरची. तिच्याच गावच्या मुलाने तिच्या घरी बसून ओवी उतरवून घेतली होती.

संपादक मंडळात खडाजंगी झाली. लोकसाहित्याला कर्ता नसतो, पुस्तकात तसंच लिहिलंय, ओवी समूहाची असते, वगैरे वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रचली कुणी ते ठाऊक नाही हे खरं, पण आपल्याला कुणी म्हणून दाखवली हे तर ठाऊक आहे ना? मग ते लिहायला शाई कमी पडली का? याच पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या, आणि त्या संग्रहात ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. बाईंच्या डोक्यात तेच होतं की त्यांचं स्वतःचं, कोण सांगणार.

कागद उतरला. प्रत्येक मुलाने घरी पोस्टकार्ड टाकायचं, ओवी म्हणणाऱ्या बाईचं पूर्ण नाव आणि गाव मागवायचं. उत्तरं यायला दहा-बारा दिवस लागले, तेवढे दिवस फळ्यावर त्या जागी मोकळा सॉफ्टबोर्ड दिसत होता. प्राचार्यांनी विचारणा केली. बाईंनी जागा भरू दिली नाही.

मग नावांच्या पट्ट्या. प्रत्येक ओवीखाली सहा इंच लांब, पाऊण इंच रुंद. पहिल्या पट्ट्या लावल्या आणि कागदाला सुरकुत्या पडल्या, कारण कागद ओला झाला की त्याच्या धाग्यांच्या आडव्या दिशेने फुगतो, आणि पट्टी व मूळ कागद यांचे धागे एकमेकांना आडवे होते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा. ज्या घडीने तो सहज वाकतो, त्या घडीच्या रेघेला समांतर धागा. पट्टीचा धागा मूळ कागदाच्या धाग्याच्याच दिशेने येईल अशी ती कापायची, खळ फक्त पट्टीला आणि पातळ लावायची, मिनिटभर थांबून तिला फुगू द्यायचं आणि मगच चिकटवायची. वर टीपकागद, त्यावर रात्रभर शब्दकोशाचे खंड. दुसऱ्या खेपेला कागद सपाट राहिला. तेव्हापासून फळ्यावर लोकगीत, कहाणी, उखाणा काहीही आलं तरी खाली तीन गोष्टी असत: सांगणाऱ्याचं नाव, गाव, लिहून घेणाऱ्याचं नाव. याच क्रमाने.

नाटकातही बाई होत्याच. 'पुरुषोत्तम' म्हणजे महाराष्ट्रीय कलोपासकची १९६३ पासूनची स्पर्धा, भरत नाट्य मंदिर, ऐन पावसाळा, 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्या. सगळ्यांना पाठ आहे. बुधवार-रविवारी जुन्या बाजारातून प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, गोळा करायची, बोहरी आळीतून रंग आणि खिळे. बाईंचं काम एकच: तालमीच्या हॉलमध्ये त्या शेवटच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसत. जे वाक्य तिथे पोचलं नाही त्याच्यापुढे संहितेत फुली. वाक्याचा शेवट गिळणं हा आपल्या मुलांचा जुना रोग. मराठीत क्रियापद शेवटी येतं, शेवट गिळला की 'आहे' की 'नाही' तेच कळत नाही. फुल्या बहुधा तिथेच असत. प्रकाशयोजना, नेपथ्य यांतलं मला कळत नाही, असं सांगून त्या उठून जात, आणि ते खरं होतं.

आज पोर्चमध्ये फ्लेक्स आहे. संगणकावर श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमध्ये जुळवून प्रिंटआउट चिकटवण्याचा काळ मध्ये येऊन गेला, आता तोही नाही. मतं ग्रुपवर येतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहशैक्षणिक उपक्रमांना श्रेयांक मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण श्रेयांकासाठी लागणारा फोटो काढून झाला की अंक उतरतो, असं कळलं. पंधरा दिवस एकच कागद वाचकांसमोर उभा राहिल्याशिवाय हॉस्टेलवरची मुलगी येऊन पेन्सिल उचलणार कधी? माझं मत एकांगी आहे म्हणाल तर म्हणा.

स्मरणिका समितीला एक विनंती. मराठी विभागाच्या लोखंडी कपाटात जुन्या अंकांच्या सुरळ्या आहेत, आणि महोत्सवानिमित्त त्या लॅमिनेट करून लावायचा बेत कानावर आला आहे. कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेने एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, आणि कागदातलं आम्ल आतल्या आत काम करत राहतं. सुरळ्या एकदम उलगडू नका, कडा तुटतील. थोड्या थोड्या सैल करत टीपकागदात ठेवा, वर हलकं वजन, आठवडाभर. इस्त्री अजिबात नको. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, तो पिवळा पडून डाग सोडतो. गंजलेल्या पिना मात्र आधी काढा. फोटो खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा आणि प्रदर्शनात त्यांच्या प्रती लावा. ओव्यांचा अंक बहुधा वरच्या खणात, डावीकडे आहे. त्यावर मोरचूद घातलेल्या खळीच्या पट्ट्या आहेत, तेव्हा हाताळून झाल्यावर हात धुवा.