सोनेगावची मध्यरात्र

मुंबईहून निघालेलं आमचं विमान नागपूरला उतरलं तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. पट्ट्यावर बॅगा यायला वीस मिनिटं गेली, तेवढ्यात हॉल रिकामाही झाला. बाहेर काका उभे होते. वय पंच्याऐंशी, अंगात स्वेटर, कानाला मफलर. "टॅक्सीनं आले असते ना," म्हटलं, तर म्हणाले, "रात्री सोनेगावले यायची मले सवय आहे."

ही सवय टपालाची. काका आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. आमच्या पिढीला नागपूरचं विमानतळ म्हणजे २००५ पासूनचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि २००८ च्या आंबेडकर जयंतीला सुरू झालेली काचेची इमारत. काकांसाठी ते अजून सोनेगावच. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे धावपट्टी झाली, दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांचा थांबा झाला. पण सोनेगावचं खरं वैभव सुरू झालं जानेवारी १९४९ मध्ये, रात्रीच्या हवाई टपालाने.

रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान निघायचं. चारही मध्यरात्रीनंतर नागपुरात उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! सोबत प्रवासीही असत. मद्रासहून दिल्लीला निघालेला माणूस रात्री दीड वाजता सोनेगावात विमान बदलायचा. "दिवसा तिथं कुत्रं नसे फिरत," काका म्हणाले, "अन् रात्री जत्रा. एक थैली चुकून दुसऱ्या विमानात गेली की झालं, मद्रासचं टपाल दिल्लीत."

नागपुरात देशाचा मध्यबिंदू मानल्या जाणाऱ्या झिरो माइलच्या खांबाशेजारी चार घोडे आहेत. तशीच ही चार डकोटा विमानं. शहर देशाच्या मधोमध असण्याचा इतका रोकडा फायदा नागपूरला नंतर कधी झाला, असं मला वाटत नाही.

या सेवेला रक्ताचा डागही आहे. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री टपालाचं डकोटा इथून उडताच कोसळलं. वाचला तो फक्त वैमानिक. मृतांमध्ये कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. काका तेव्हा शाळेत होते. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत.

सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. लांब पल्ल्याच्या जेट विमानांना मध्ये उतरायची गरजच उरली नव्हती. मग मिहान आलं, विमानतळाला लागून मालवाहतूक केंद्र आणि उद्योग उभारायचा सरकारी प्रकल्प. पुन्हा तेच स्वप्न, फक्त थैल्यांच्या जागी माल. देशाच्या मध्यावर विमानं येतील, माल बदलेल, पुढे जाईल. त्यासाठी शिवणगावसारख्या गावांच्या जमिनी गेल्या. बोइंगने बांधलेलं एअर इंडियाचं दुरुस्ती केंद्र आलं, आयटी कंपन्या आल्या. विमानतळ खासगी कंपनीकडे द्यायचं प्रकरण मात्र निविदा, ती रद्द होणं, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट असं वर्षानुवर्षं फिरत राहिलं. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये विस्ताराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७,००० कोटी. काकांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "बरं."

घरी पोचायला साडेबारा झाले. काकू जाग्या होत्या, पिठलं गरम करायला लागल्या. काका गच्चीवर गेले, मीही गेले. पार वर एक दिवा लुकलुकत पूर्वेकडे सरकत होता, आवाज येत नव्हता इतका उंच. पाठोपाठ दुसरा, दक्षिणेकडे.

"तो कलकत्त्याचा," काका म्हणाले. मग घड्याळ पाहिलं. "अन् हा मद्रासचा. थांबत नाहीत आता."

खालून काकूंनी हाक मारली, पिठलं गार होत होतं.