आईचा संगणक : पावसाळ्यातली नोंद

आईचं मशीन म्हणजे जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम. त्यावर लिनक्स मिंट २१.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. आई गुहागर तालुक्यात, मी पुण्यात. तिच्या आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या ती रोज दुपारी वहीतून टाइप करते, इनस्क्रिप्ट या मराठी कळपट्टीवर. सहाशेच्या वर झाल्या.

मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. "अगं, काळा पडदा आलाय आणि इंग्रजीत काहीतरी लिहून थांबलाय." रात्रभर वीज ये-जा करत होती आणि यूपीएसच्या बॅटरीने दम सोडला होता. शेवटची ओळ वाचून दाखव म्हटलं, तर कंसात 'इनिटरॅमएफएस', म्हणजे डेस्कटॉप येण्याआधीचा बूटचा सुरुवातीचा टप्पा. फाइल सिस्टिम हाताने दुरुस्त करा, असं सांगून बूट अडलं होतं. अशा वेळी नेटवर्कच उभं राहिलेलं नसतं, त्यामुळे दुरून तिच्या मशीनवर आज्ञा चालवायच्या एसएसएचचा काही उपयोग नाही. हात आईचेच.

वरच्या ओळीतलं डिस्कच्या विभाजनाचं (पार्टिशनचं) नाव तिने वाचलं : डेव्ह, तिरकी रेघ, एसडीए२. मग दुरुस्तीच्या आज्ञेचं एकेक अक्षर सांगत गेले. एफ, एस, सी, के. मोकळी जागा. आडवी रेघ, वाय. पुन्हा मोकळी जागा, आणि शेवटी तेच विभाजनाचं नाव. आईने बत्तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलंय. प्रत्येक अक्षर ती परत म्हणायची आणि मी "हो" म्हटल्यावरच पुढे जायची. एंटरआधी सगळी ओळ तिने स्वतःहून पुन्हा वाचली. नंतर 'एक्झिट' लिहिलं आणि डेस्कटॉप आला. वीस मिनिटं गेली असतील. "ओव्या आहेत गं सगळ्या," एवढंच म्हणाली.

'वाय' दिला की प्रत्येक दुरुस्तीला आधीच होकार जातो, म्हणून तो डोळे मिटून देऊ नये. ओव्यांच्या फोल्डरची प्रत रोज रात्री आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने माझ्याकडे येते, त्या भरवशावर दिला. मिंटमधल्या टाइमशिफ्ट या सिस्टिमची प्रत ठेवणाऱ्या प्रोग्रामवर विसंबू नका; मूळ सेटिंगमध्ये ते होम फोल्डर घेतच नाही.

मशीन उठलं, पण मी ज्यातून तिच्या मशीनमध्ये शिरते तो नेटवरचा खासगी बोगदा (व्हीपीएन) उठला नाही. आईचं इंटरनेट सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट आत जाता येत नाही. म्हणून तिचं मशीनच वायरगार्ड या बोगद्याच्या प्रोग्रामने माझ्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरला जोडून राहतं; जोडणी जिवंत ठेवायला दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश जातो. वीज आली की राउटरला नेट मिळायला वेळ लागतो आणि संगणक त्याआधीच तयार असतो. वायरगार्डच्या सेटिंग फाइलमध्ये मी सर्व्हरचं डोमेन नाव लिहिलं होतं. त्या क्षणी नावाचा पत्ता सापडला नाही, सेवा अपयशी ठरली आणि तशीच पडून राहिली. आईकडून एकदा रीस्टार्ट करून घेतल्यावर आत शिरता आलं. आता नावाच्या जागी थेट आयपी लिहिलाय. उशिरा नेट आलं तरी जोडणी आपोआप लागते. कोकणातल्या विजेसाठी हा बदल फार मोलाचा.

आत गेल्यावर आधी डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित), दोन्ही सेक्टर शून्य. डिस्क ठीक आहे, घात विजेने केला. ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या कर्नल ओळीत 'एफएससीके डॉट रिपेअर'ला 'येस' दिलं, म्हणजे पुढच्या वेळी दुरुस्ती विचारत न बसता होईल.

तिचा पडदा मात्र मी अजूनही तिला विचारूनच बघते. दुरून पडदा दाखवणाऱ्या रस्टडेस्कवर तिने 'स्वीकारा' दाबल्याशिवाय जोडणी नाही. बाकी कामं एसएसएचवर, ती ओव्या लिहीत असताना मागच्या मागे.

मिंट २२ वर आत्ता नेणार नाही. २१.३ ला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, आणि बटणांच्या जागा बदलल्या की आईचे चार दिवस जातात. गणपतीला जाईन तेव्हा शेजारी बसून करू. यूपीएसची बॅटरी चिपळूणहून मागवली आहे. शनिवारी शेजारचा मुलगा बसवून देईल, मी फोनवर असेन.