आडवी पडलेली अळी

आज सोसायटीच्या गच्चीवर पालिकेची माणसं टाक्या तपासायला आली होती. मीही मागोमाग चढले. एमएस्सीला कीटकशास्त्र घेतल्यापासून घरात मला ‘डासवाली’च म्हणतात, त्यामुळे आता लाज कसली!

एका उघड्या पिंपात डासांच्या अळ्या निघाल्या. त्यांच्यातल्या वयस्कर काकांनी पळीभर पाणी घेतलं आणि नुसतं बघून म्हणाले, “आडव्या पडल्यात बघ ताई. अ‍ॅनोफिलीस.” अगदी बरोबर, मलेरिया पसरवणारा डास. क्युलेक्स आणि एडिस या दुसऱ्या डासांच्या अळ्यांना शेपटीकडे श्वासाची नळी असते, म्हणून त्या डोकं खाली करून लटकतात. अ‍ॅनोफिलीसला ती नळीच नाही, त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. भिंगसुद्धा लागत नाही.

मुंबईतल्या मलेरियाचा मुख्य वाहक म्हणजे अ‍ॅनोफिलीस स्टीफन्साय. लिस्टन नावाच्या संशोधकाने १९०१ साली या जातीचं वर्णन केलं. याला गटार चालत नाही. टाक्या, विहिरी, बांधकामावर साचलेलं पाणी लागतं. (गटारातला तो क्युलेक्स. उगाच सगळं त्याच्या माथी मारतात.) स्टीफन्सायचेही पुन्हा तीन प्रकार, आणि ते ओळखायचे कसे, तर अंड्याला दोन्ही बाजूंनी जे तरंगे असतात त्यांवरच्या कडा मोजून! २०१२ मध्ये हाच डास आफ्रिकेत जिबूतीला सापडला, तेव्हापासून तिकडचे शास्त्रज्ञ धास्तावलेत.

सेक्रेटरी काका विचारत होते, धूर कधी मारणार? धुराने उडते डास मरतात हो, पिंपातल्या अळ्यांना ढिम्म फरक पडत नाही. झाकणांचा खर्च मात्र पुढच्या मीटिंगवर ढकललाय. गणपतीच्या आधी बसली तरी मिळवलं.