सवलतीचे शेअर आणि काकूंची वही

आज दुपारी काकूंकडे काकांचे जुने शेअरचे कागद लावत बसलो होतो. त्यांच्या लाल वहीत जुलै 2020 चं एक पान सापडलं. आदित्य बिर्ला फॅशनचा, म्हणजे पँटलून्सवाल्यांचा राइट्स इश्यू : जुन्या भागधारकांना सवलतीत नवे शेअर घेण्याचा हक्क. 77 शेअरमागे 9 नवे, भाव 110 रुपये. खाली काकांनी एवढंच लिहिलं होतं : "भाव का पडतो?"

काकूंनीही तेच विचारलं. मग वहीतच मांडलं. बाजारभाव 130 धरू. जुन्या 77 शेअरचे 10,010 रुपये, नव्या 9 चे 990. एकूण 11,000, भागिले 86. आले साधारण 127 रुपये 90 पैसे. म्हणजे रेकॉर्ड डेटला (हा हक्क कुणाला मिळणार ते ठरवणाऱ्या तारखेला) भाव दोनेक रुपयांनी उतरला, तर त्यात पैसे बुडाले असं नसतं. ते मूल्य हक्कात गेलेलं असतं.

पण तो हक्क वापरला तर! डिमॅट खात्यात आरई (राइट्स एंटायटलमेंट, म्हणजे हाच हक्क) म्हणून वेगळी नोंद येते. अर्ज करा, नाहीतर मुदतीत बाजारात विका. दोन्ही केलं नाही तर हक्क संपतो, आणि उतरलेला भाव तेवढा आपल्या वाट्याला राहतो. काकांनी अर्ज केल्याची नोंद कुठेच नाही. तेव्हा ते आजारी होते, आणि आमच्यापैकी कुणी त्यांचं खातं उघडून पाहिलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर शेअर असतील तर त्यांचे मेसेज एकदा बघा. काकूंनी ते पान दुमडून ठेवलंय.