पाय लागला

रविवार, रात्री उशिरा

काल इथे जर्मनीतल्या बेर्नकास्टेल-कूसला जाऊन आले, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. घडले ते इतके लहान की कुणाला सांगायलाही संकोच वाटावा. माझा पाय लागला, एवढेच.

मोझेल नदीच्या कूसकडच्या काठावर सेंट निकोलस हॉस्पिटल आहे. नाव हॉस्पिटलचे असले, तरी मुळात तो वृद्धांचा आश्रम. तिथल्या चॅपेलमध्ये मधोमध उभा असलेला एकच खांब सगळे छत कसा पेलतो, हे मान वर करून पाहत मी वेदीकडे सरकत होते. खाली पाहिले तेव्हा माझा बूट जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यावर होता. त्या पत्र्याखाली हा आश्रम उभारणाऱ्या निकोलस फॉन कूसचे हृदय पुरलेले आहे. मी झटकन मागे झाले, वाकले आणि पत्र्याला लावलेला हात कपाळाला लावला. मागच्या बाकावरच्या एका आजींनी मायेने विचारले, "काही पडले का तुमचे?" मी नाही म्हणाले आणि बाहेर पडले. इतक्या वर्षांत इथली भाषा अंगवळणी पडली आहे, पण पाय लागला म्हणून नमस्कार केला, एवढे एक वाक्य त्या क्षणी मला त्या भाषेत जुळवता आले नाही, आणि तेच रात्रभर सलत राहिले.

निकोलस याच गावचा, १४०१ साली जन्मलेला, मोझेलवर नावा चालवणाऱ्या एका सधन व्यापाऱ्याचा मुलगा. शिकायला म्हणून गाव सोडले आणि पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, होऊन तो इटलीत गेला. पण १४५८ मध्ये त्याने आपली मालमत्ता या आश्रमाच्या नावे केली. ख्रिस्ताच्या आयुष्याची जितकी वर्षे, तितक्याच म्हणजे ३३ पुरुषांची तिथे सोय होती, वय पन्नाशीच्या पुढचे. सहा धर्मगुरू, सहा उमराव आणि उरलेले एकवीस साधे लोक. खर्च जमिनीच्या आणि द्राक्षमळ्यांच्या उत्पन्नातून चालावा, ही त्याची योजना. आजही तिथे वृद्ध राहतात, आता स्त्रियाही. तो स्वतः १४६४ मध्ये इटलीतील तोदी गावी वारला. देह रोमला राहिला आणि हृदय तेवढे घरी आले.

हे वाचून मला, खरे सांगायचे तर, स्वतःचीच फार कीव आली. माझे काय कुठे पोचणार आहे? दादाच्या पत्राला अजून उत्तर लिहिलेले नाही.

पूल ओलांडून बेर्नकास्टेलच्या चौकात गेले. तळाशी चिंचोळे आणि वरच्या मजल्यांवर रुंद होत गेलेले १४१६ सालचे लाकडी चौकटीचे घर तिथे आहे. एरवी अशा घरासमोर मी तासभर रेंगाळले असते. काल पाच मिनिटांत पाठ फिरवली आणि मळ्यांची वाट धरली.

तिथे मात्र पाय थांबले. पायाखाली पाटीच्या काळ्या दगडाचे कपरे होते, दिवसभराचे ऊन धरून ठेवणारे; रात्री हीच ऊब वेलींना मिळते, म्हणून इतक्या उत्तरेला वाइनसाठीची रीसलिंग जातीची द्राक्षे पिकतात. चढ असा की बहुतेक कामे हातानेच करावी लागतात. जुन्या पद्धतीच्या मळ्यात प्रत्येक वेलीला तिचा स्वतंत्र खुंट असतो आणि तिच्या दोन फांद्या वाकवून खुंटाला अशा बांधतात की हृदयाचा आकार व्हावा. मी एका वेलीजवळ वाकून ती गाठ पाहिली. फांदी न मोडता इतकी वाकवायची, तर हात किती हळुवार असावा लागत असेल! पुन्हा तो पत्रा आठवला, पण आता छातीत तितके टोचले नाही. ते हृदय भिंतीत उंचावर जपलेले नाही, जमिनीत आहे, आणि आश्रमातली म्हातारी माणसे काठी टेकत तिथूनच ये-जा करत आली असणार. माझ्याआधी कितीतरी पाय चुकून लागले असतील. लागू देत.

आज संध्याकाळी आईला फोनवर सगळे सांगितले.

"नमस्कार केलास ना?"

"केला."

"मग झालं तर."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, "तिथल्या म्हाताऱ्यांना खोलीतून नदी दिसते का गं?"

नदीच्या बाजूला खिडक्या आहेत, एवढे मी सांगितले.