सातवा डिफेन्समन

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत वरची लीग. तिच्या संघात 23 जण ठेवता येतात, पण मॅचला बर्फावर उतरतात 20. त्यात डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, बहुतेक वेळा सहाच. सातवा सकाळी सगळ्यांबरोबर स्केटिंग करतो, दुपारी झोप काढतो आणि संध्याकाळी सूट घालून वर पत्रकारांच्या रांगेत पॉपकॉर्न खात बसतो. पगार मात्र पूर्ण. जानेवारीतल्या एका शनिवारी ही खुर्ची रिकामी झाली आणि तिच्यासाठी आमच्याकडच्या वीस वर्षांच्या पोराला बोलावणं आलं. बाहेरच्या माणसाला यात अडचण काय, तेच कळणार नाही. स्वप्न पूर्ण झालं की पोराचं, वाटा पेढे.

मी एएचएलमधल्या, म्हणजे एनएचएलच्या खालोखालच्या लीगमधल्या, एका कॅनडियन संघाची व्हिडिओ कोच आहे. पुण्यात इंजिनिअरिंग, मग इथे मास्टर्स, आणि मग या खेळाच्या नादी लागले ती लागलेच. बाबा अजून फोनवर विचारतात, "म्हणजे रणजीसारखं ना गं?" मी हो म्हणते, पण ते तितकंसं खरं नाही. रणजीचा संघ स्वतःसाठी खेळतो. आमचा संघ वरच्या संघासाठी खेळतो. वर 32 क्लब, खाली 32, प्रत्येकाची जोडी ठरलेली. आमच्या चांगल्या पोरांचे करार वरच्या क्लबशी असतात. आम्ही सलग सहा मॅच जिंकत असू, तरी सातव्या दिवशी सकाळी आमचा सर्वांत चांगला खेळाडू विमानात असू शकतो. त्यावर आमच्या कोचने हसून "त्याच्यासाठी आनंदच आहे" म्हणायचं. तेही त्याच्या नोकरीचाच भाग.

लोक याला 'खालची लीग' म्हणतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. एएचएलमध्ये मोसमाला 72 मॅच असतात, त्याही बऱ्याचशा शुक्रवार-शनिवार-रविवार. कधी तीन रात्रींत तीन मॅच, मध्ये बसचा प्रवास, पहाटे तीनला पेट्रोलपंपावरचं सँडविच. पण त्यामुळे मधले वार सरावाला मोकळे मिळतात, आणि वर नेमकं हेच मिळत नाही. वर ऐंशीहून जास्त मॅच, आज इथे, परवा तिथे, सराव बऱ्याचदा ऐच्छिक. शिवाय आमच्याकडे नियमच आहे की गोलकीपर सोडून उतरणाऱ्या 18 स्केटरांपैकी किमान 13 जण कमी व्यावसायिक मॅच खेळलेले हवेत. म्हणजे ही लीग पोरांना घडवण्यासाठीच बांधलेली आहे. आज एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी याच बसमध्ये बसले आहेत.

आमचा हा पोरगा ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे क्लब नवी पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, पहिल्या फेरीत निवडलेला. उंच, डावखुरा, स्केटिंग असं की बघत राहावं. पण तो कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून आलेला, आणि तिथल्या पोरांना साधारण विशीपर्यंत एएचएलमध्ये खेळताच येत नव्हतं. एक तर थेट एनएचएल, नाही तर परत ज्युनिअर. युरोपातून आलेल्या पोरांना ही अट नाही. त्यामुळे आमचा गडी शेवटचं वर्ष सतरा-सतरा वर्षांच्या मुलांवर दादागिरी करत खेळला. पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास) भरपूर आले आणि सवयी बिघडल्या.

सर्वांत वाईट सवय म्हणजे मागे न बघणं. हे जरा नीट सांगते, कारण माझं अर्धं आयुष्य यातच जातं. समोरचा संघ पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्या कोपऱ्यात ढकलतो. डिफेन्समन वळून त्याच्यामागे धावतो. आता त्याची पाठ मैदानाकडे, तोंड बोर्डाकडे, म्हणजे मैदानाभोवतीच्या वर काच लावलेल्या भिंतीकडे, आणि पाठीवर नव्वद किलोचा माणूस सुसाट येतोय. पकपर्यंत पोचायला दोन-अडीच सेकंद. तेवढ्यात खांद्यावरून दोनदा मागे बघायचं. पहिल्यांदा वळतानाच: कोण येतोय, कुठल्या बाजूने येतोय. दुसऱ्यांदा पकला हात लावायच्या अगदी आधी: आपला जोडीदार कुठे, सेंटर (मधला आक्रमक) कुठे, समोरच्यांचा दुसरा हल्लेखोर कुठली वाट अडवतोय. या दुसऱ्या नजरेवरच पुढचं सगळं ठरतं. नेटला वळसा घालून स्वतःच निघायचं, आल्या वाटेने उलटा पास द्यायचा, मधल्या सेंटरला द्यायचा, बोर्डाच्या कडेने फिरवायचा, की काहीच जमेना म्हणून काचेवर आपटून बाहेर काढायचा. गोलकीपर ओरडून सांगतो, जोडीदार ओरडतो, पण 7,000 लोकांच्या गोंगाटात ऐकू काय येणार! शेवटी डोळेच कामाला येतात.

ऑक्टोबरमध्ये हा पठ्ठ्या एकदा बघायचा किंवा तेही नाही. ज्युनिअरमध्ये गरजच पडली नव्हती, पाठीवर येणारा पोरगा याच्यापेक्षा हळूच असायचा. आमच्या डिफेन्सच्या कोचने त्याला पकडला. हा कोच स्वतः खालच्या लीगांमध्ये शेकडो मॅच खेळलेला, वर कधीच बोलावणं न आलेला माणूस. माझ्या मते या संपूर्ण संस्थेत शिकवायची अक्कल असलेला तो एकटाच. सराव संपला की बाकीचे आत जायचे आणि हे दोघं कोपऱ्यात. कोच पक फिरवायचा, पोरगा वळला की त्याच्या मागे हाताची बोटं उंचावायचा. "किती?" पोराने पक उचलायच्या आधी आकडा सांगायचा. चुकला की परत. मी वरच्या कठड्यावरून हे चित्रित करायची, आणि मॅचनंतर त्याच्या प्रत्येक अशा पकचा तुकडा कापून खूण लावायची: शून्य नजरा, एक, दोन. नाताळपर्यंत माझ्या तक्त्यात 'दोन'चा रकाना सर्वांत लांब झाला होता. त्याला दर मॅचला बावीस मिनिटं मिळत होती, पॉवरप्लेसुद्धा, म्हणजे समोरच्यांचा एक माणूस शिक्षा म्हणून बाहेर असतो तेव्हाही. त्याच्या पायांतून पक गेला आणि गोल झाला, तरी पुढच्या शिफ्टला तोच उतरायचा. वर असं कोण करू देतो?

आणि मग तो शनिवार. शुक्रवारी रात्री बाहेरगावी मॅच, पहाटे परत. आठला कोचचा फोन: वरच्या संघातल्या एकाने शॉट अडवताना हात मोडून घेतलाय, एक डिफेन्समन हवाय. आमच्याकडे दोन नावं होती. एक एकोणतीस वर्षांचा अनुभवी गडी, आठ मिनिटं खेळवा, आठ मिनिटं नीट खेळेल, बसवा, बसेल. दुसरा आमचा पोरगा.

इथे कागदाचा खेळ सुरू होतो. अनुभवी खेळाडूला वरून खाली पाठवायचं तर त्याला आधी वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या 31 संघांना चोवीस तास, हवा तर घेऊन जा. नव्या पोरांना पहिली काही वर्षं ही अट नसते. त्यांना लिफ्टसारखं वर-खाली करता येतं. मॅच नसेल त्या दिवशी पगाराच्या मर्यादेत चार पैसे वाचावेत म्हणून पोराला नुसतं कागदोपत्री खाली पाठवल्याचंही मी पाहिलंय. 'पोराच्या विकासासाठी' हे शब्द पत्रकात आले की समजावं, त्यामागे बरेचदा वेव्हर असतं. पण आमच्या अनुभवी गड्याला तीही अडचण नव्हती. तो मोसमाच्या सुरुवातीलाच वेव्हरमधून निघाला होता. वर 30 दिवस किंवा 10 मॅच होईपर्यंत त्याला पुन्हा खाली आणायला कुणाला विचारावं लागलं नसतं. सातव्या खुर्चीसाठी याहून सोयीचा माणूस तो कोणता?

पण वरचा संघ हरत होता, आणि रेडिओवर फोन करणारा प्रत्येक जण याच पोराचं नाव घेत होता.

साडेनऊला मला निरोप आला: दुपारपर्यंत त्याच्या मागच्या मॅचमधले सगळे 'पक परत आणायचे' तुकडे पाठव. मी ते तारखेनुसार लावून पाठवले, चांगले-वाईट सगळे. वरच्या 'खेळाडू विकास' खात्यातून अर्ध्या तासात उत्तर: शेवटच्या पाच मॅचचे पुरेत. आता शेवटच्या पाच मॅच पाहिल्या तर पोरगा तयारच दिसतो. ऑक्टोबरपासून पाहिलं तर एक सवय नुकती कुठे धरू लागली आहे, एवढंच दिसतं. मी तसं लिहिलंही. त्यावर अंगठा आला. फोनवरचा, इमोजीतला अंगठा.

डिफेन्सचा कोच एवढंच म्हणाला, "त्याला खेळवणार असतील तर आत्ता न्या. बसवणार असतील तर मला द्या." साडेबाराला पोराला खोलीत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याला चालता येत नव्हतं, नुसता धावत होता. आईला फोन, बॅग, स्टिकांचा गठ्ठा. मी त्याला मिठी मारली आणि मनापासून मारली. त्याच्या जागी मी असते तर मीही कुणाचं ऐकलं नसतं. वरच्या किमान पगाराशी आमचा पगार ताडून बघा: 2025-26 च्या मोसमात वर वर्षाला पावणेआठ लाख डॉलर होता आणि खाली त्याचा जेमतेम छोटा हिस्सा. विकास-बिकास बोलायला आपल्या बापाचं काय जातं!

पहिल्या मॅचला सरावफेरीत त्याला रिवाजाप्रमाणे बर्फावर एकट्यालाच सोडलं, बाकीचे दारात हसत उभे. आई-वडील पाचव्या रांगेत. त्या रात्री तो नऊ मिनिटं खेळला. पुढच्या मॅचला सात. मग वर, पॉपकॉर्न. असं करत फेब्रुवारी अर्धा गेला.

तो परत आल्यावर पहिल्याच मॅचला मी लॅपटॉपवर खुणा लावत होते. पहिला पक कोपऱ्यात. वळला, बघितलं, पुन्हा बघितलं, आणि काचेवर आपटून बाहेर. दुसरा: काच. तिसरा: काच. माझ्या तक्त्यात 'दोन'चा रकाना आधीसारखाच भरत होता आणि बर्फावर भलतंच चाललं होतं. दहापैकी सात वेळा पक सरळ समोरच्या संघाच्या ताब्यात. ज्याला नाताळात सेंटर दिसायचा तोच हा मुलगा, यावर विश्वास बसेना.

आमच्या मुख्य कोचचं मत वेगळं आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, वर राहून त्याला वेग कळला. हे खरं आहे. समोरून वेगात येणाऱ्याशी अंतर कसं राखायचं, हे तो आता आमच्याकडच्या कुणाहीपेक्षा छान करतो. डिसेंबरमध्ये अशा वेळी तो दोन पावलं मागे जायचा. कोच मला नेहमी स्लाफकोव्स्कीचं उदाहरण देतो. 2022 ला पहिल्या क्रमांकावर निवडलेला, मॉन्ट्रियलने अठराव्या वर्षीच वर ठेवला. 39 मॅचमध्ये चार गोल, मग दुखापत, आणि सगळं शहर ओरडत होतं, खाली लावालला, मॉन्ट्रियलच्या एएचएल संघात, पाठवा त्याला. नाही पाठवला. पुढच्या मोसमात 82 मॅच, 20 गोल, 50 पॉइंट. मी शेन राइट सांगते. त्याच वर्षी चौथ्या क्रमांकावर निवडलेला. सिएटलमध्ये आठ मॅच खेळून ज्युनिअरला परत, मग जवळजवळ अख्खा मोसम कोचेला व्हॅलीत, एएचएलमध्ये. तिथे तेव्हा जेसिका कॅम्पबेल सहायक कोच होती, जी 2024 मध्ये एनएचएलच्या बेंचमागे उभी राहणारी पहिली पूर्णवेळ महिला कोच झाली. (तिचं नाव मी या वादात गरज नसतानाही आणते, कबूल.) त्यानंतरच्या मोसमात राइटने सिएटलसाठी 19 गोल केले. एक वर राहून घडला, एक खाली. पण दोघांना जिथे ठेवलं तिथे खेळवलं. मॉन्ट्रियल तेव्हा तळाच्या आसपास होतं, पोराच्या चुका त्यांना परवडत होत्या. आमच्या पोराला जिथे नेलं तिथे एका चुकीची किंमत सहा मॅच बसणं ही होती. मुख्य कोच यावर खांदे उडवतो. त्याला पुढच्या वर्षी वर नोकरी हवी आहे, त्यामुळे वरच्यांचं चुकलं असं तो लिहून देणार नाही.

मार्चमध्ये पोरगा स्वतःच आला. वरच्या मॅचमधले त्याचे तुकडे माझ्याकडे आहेत का, विचारत. आम्ही दोघं बसलो. दुसऱ्या मॅचमधला एक तुकडा त्याने थांबवला. बोर्डापाशी तो, पाठीवर माणूस, मध्ये सेंटर अख्खा मोकळा, स्टिक बर्फावर टेकवून पास मागतोय. आणि पक काचेवर.

"दिसला नव्हता का?" मी विचारलं.

"दिसला होता की."

"मग?"

"आदल्या मॅचला असाच दिला होता. अडला, त्यांना शॉट मिळाला. गोल नाही झाला, नुसता शॉट. बेंचवर आलो तर कोणी काही बोललं नाही. पुढची अकरा मिनिटं उतरवलंच नाही." मग म्हणाला, "काचेवर मारला की कुणीच काही म्हणत नाही गं. चांगलं नाही म्हणत, वाईटही नाही."

मी तक्त्यात एक नवा रकाना केला आहे: 'दिसला, दिला नाही'. तो व्हिडिओ पाहून भरता येत नाही. दर मॅचनंतर पोराला शेजारी बसवून एकेक तुकडा विचारावा लागतो, आणि त्याने खरं सांगावं लागतं. डिफेन्सच्या कोचने तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून सरावात बोटं मोजणं बंद केलं. आता तो कोपऱ्यात दोन माणसं उभी करतो, एक मोकळा, एक अर्धवट अडवलेला, आणि अडवलेल्यालाच पास द्यायला लावतो. पास अडला तर शाब्बास म्हणतो. पोरगा आधी वेड्यासारखा बघत राहिला.

या रकान्यासकट तक्ता मी दर सोमवारी वर पाठवते. विकास खात्यातून मागच्या आठवड्यात विचारणा आली: फॉरमॅट बदललाय का, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना उघडत नाही.