सागवानी अ‍ॅम्प्लिफायर
(माजी विद्यार्थी, दहावी १९८६)

आपल्या शाळेत सुतारकामाची खोली तळमजल्यावर होती आणि प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. नववीत असताना, १९८४ साली, मी या दोन खोल्यांच्या मध्ये सारखा जिना चढत-उतरत असे. मला अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा होता आणि त्याचं अर्धं काम खाली होतं, अर्धं वर.

गिरगावातल्या मुलाला हे वेड लागायला वेळ लागत नसे. खेतवाडीतून चालत निघालं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तोंडात नाव जुनंच. तिथून टीबीए ८१० ही आयसी आणली, म्हणजे आख्खा अ‍ॅम्प्लिफायर सामावलेली चिप. बारा पायांची, दोन्ही बाजूंना उष्णता बाहेर काढणारे धातूचे पंख. १६ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर दिला की सात वॅट मिळतात, आणि चाळीतल्या दोन खोल्यांना सात वॅट पुष्कळ झाले. स्पीकर चोरबाजारातून आणला, व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओतला.

ट्रान्सफॉर्मर मात्र १२ व्होल्टचा होता. मग १६ येणार कुठून? हे मी विज्ञानाच्या सरांना मधल्या सुट्टीत विचारलं. त्यांनी चहा तसाच ठेवून फळ्यावर एसी विजेची लाट काढली. आपण १२ म्हणतो ते तिचं काम करणारं मूल्य, शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे १७ च्या जवळ. वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड त्यातलं थोडं खातो, उरलेलं शिखर कंडेन्सर धरून ठेवतो. आमच्या पुस्तकात हे नव्हतं. सरांनी ते तरीही घंटा होईपर्यंत समजावलं.

सगळे भाग बसवायची पेटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची तयार चॅसी, परवडण्यासारखी नव्हती. सुतारकामाच्या सरांनी मोडक्या बाकाची सागवानी फळी काढून दिली आणि बजावलं, "खिळा मारायचा नाही." कोपऱ्यांत खाचा करून, सरस लावून चौकट जोडायला त्यांनी शिकवलं. रंधा लाकडाच्या रेषेच्या दिशेनं मारायचा, उलटा मारला की फळी उचकटते, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. खरी अडचण व्हॉल्यूम कंट्रोलची निघाली. त्याची आट्यांची मान पातळ पत्र्यासाठी केलेली असते, जाड फळीतून ती बाहेरच येईना, मग नट बसणार कुठे? सरांनी पटाशी घेतली आणि फळी आतल्या बाजूनं रुपयाएवढ्या गोलात कोरून पातळ केली. समोरून पाहिलं तर एक ओरखडा नाही. ते काम मी अजून कितीदा तरी हात फिरवून पाहतो.

जोडणी झाली आणि स्पीकर घुमायला लागला. विज्ञानाच्या सरांनी आधी व्हॉल्यूम कमी करायला सांगितला. घुमणं कमी झालं. "म्हणजे पॉवर सप्लाय ठीक आहे, हे इनपुटवरून शिरतंय." मग कंट्रोलच्या धातूच्या अंगाला बोट लावायला सांगितलं, तर घुमणं जवळजवळ थांबलंच. पत्र्याची चॅसी आजूबाजूच्या विजेच्या तारांचा उपद्रव अडवते, लाकूड अडवत नाही. सरांनी उपाय सांगितले आणि आम्ही ते एकेक करत गेलो. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चौकटीच्या आत बसवला, कंट्रोलच्या अंगाला अर्थची तार सोल्डर केली, इनपुटला धातूच्या जाळीचं वेष्टण असलेली शील्डेड वायर घातली, ट्रान्सफॉर्मर दूरच्या कोपऱ्यात नेऊन आडवा फिरवला. सगळ्या अर्थच्या तारा मोठ्या कंडेन्सरच्या निगेटिव्हवर एकाच जागी आणल्या. ही शेवटची गोष्ट मी पुढे नोकरीत अनेक इंजिनिअरांना सांगितली आहे.

विविध भारती लागली तेव्हा प्रयोगशाळेत दोघंही सर उभे होते. सुतारकामाच्या सरांना त्या मजल्यावर मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आवाज ऐकला, विज्ञानाच्या सरांनी कोपऱ्यातल्या खाचेवरून नख फिरवून पाहिलं, आणि मग दोघं बराच वेळ एकमेकांशी बोलत राहिले. सुतारकामाच्या तासाला मार्क कमी म्हणून आम्ही तो हलका समजत होतो. त्या दिवसानंतर माझ्या वर्गात तरी तसं कोणी बोललं नाही.

आता त्या तळमजल्यावर संगणक कक्ष आहे. तो हवाच. पण प्रयोगशाळेच्या एका भिंतीला एक मजबूत टेबल, लाकूड घट्ट पकडायला एक शेगडा, करवत, रंधा आणि दोन-तीन सोल्डरिंग आयर्न ठेवायला जागा नक्की निघेल. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं आम्हा माजी विद्यार्थ्यांकडून शाळा काही मागणार असेल तर हेच मागावं. सामान मी देतो. शनिवारी दुपारी शिकवायलाही येतो, मुख्याध्यापकांनी फक्त तारीख कळवावी.